ओठावरची लव आणि गावभर डोळे

मुलगी जन्माला येऊन पंधरा दिवस होत नाहीत, तोच तिच्या अंगावरच्या केसांचा बंदोबस्त सुरू होतो. बाळाला न्हाऊ घालणारी बाई येते, पाय पसरून बसते, बाळ पायांवर आडवं घेते, तेल जिरवते आणि मग कणकेचा गोळा सायीत बुडवून पाठीवरून, कपाळावरून, दंडांवरून फिरवते. लव गोळ्याला चिकटून येते. मुलगा असला तर हे दोन-चार दिवस होतं आणि सुटतं. मुलगी असली तर आतून आजीचा आवाज येतो, ‘जरा जास्त फिरव गं, मुलीची जात आहे.’ ही लव बाळ पोटात असतानाच उगवते आणि जन्मानंतर काही आठवड्यांत आपली आपण झडते, मुलाची झडते तशी मुलीचीही. गोळा फिरवला काय आणि न फिरवला काय. फिरवल्याने होतं एवढंच की बाळाची कोवळी कातडी लाल होते, पुरळ उठतं, बाळ किंचाळतं. बालरोगतज्ज्ञ कानीकपाळी ओरडतात, गोळा काही थांबत नाही. मुलीच्या अंगावर काढून टाकण्यासारखं काहीतरी आहे हे ठरवायला तिने मान धरेपर्यंतही आम्हाला धीर निघत नाही.

तेरा-चौदाव्या वर्षी हे प्रकरण पुन्हा वर येतं. एकाच घरात, एकाच आरशापुढे भाऊ-बहीण उभे असतात. दोघांच्याही ओठावर नुकती लव आलेली. भावाला मिसरूड फुटलं म्हणून काका पाठीवर थाप मारतो, आजी कौतुकाने बघते, तो दिवसातून चारदा त्यावरून बोट फिरवतो. बहिणीच्या ओठावर त्याच घराण्याची लव येते आणि स्वयंपाकघरात कुजबुज सुरू होते. डाळीचं पीठ लाव. हळद आणि साय चोळ. तुझ्या बापावर गेलीस, काय करणार. शाळेत कुणीतरी ‘मिशीवाली’ असं नाव ठेवतं आणि ते दहावीपर्यंत तिची पाठ सोडत नाही. मुलगी बोलताना ओठावर हात धरायला लागते. फोटोत मागच्या रांगेत जाते. उत्तर येत असूनही वर्गात उभी राहत नाही, कारण उभं राहिलं की सगळे तोंडाकडे बघतात. वर्गशिक्षिकेला हे दिसत नाही असं मला कुणी सांगू नये. तिला दिसतं. तिच्याही तेराव्या वर्षी हेच झालेलं असतं, म्हणून ते तिला शिक्षा करण्याजोगं वाटत नाही.

एप्रिल २०२४ मध्ये उत्तर प्रदेश बोर्डाचा दहावीचा निकाल लागला. एका लहान गावातली मुलगी राज्यात पहिली आली. ६०० पैकी ५९१ गुण. तिचा फोटो छापून आला आणि देशाने तिच्या गुणपत्रिकेऐवजी तिचा ओठ वाचला. तिच्या चेहऱ्यावर ठळक केस होते. हजारो लोकांनी त्यावर विनोद केले. काहींनी तिचे फोटो संगणकावर ‘सुधारून’ टाकले, भुवया कोरून, ओठ साफ करून, रंग उजळून, की बघा, हिला असं दिसता येईल. ते तर स्वतःला तिचे हितचिंतक समजत होते. दाढीचं सामान विकणाऱ्या एका कंपनीने वर्तमानपत्रात पानभर जाहिरात दिली. कुणाच्या छळामुळे आमचं रेझर हातात घ्यायची वेळ तुझ्यावर न येवो, अशा अर्थाची. आणि खाली कंपनीचं नाव. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या ओठावर सांत्वनाच्या नावाखाली रेझर विकायला निघालेले लोक मला तिला हसणाऱ्यांपेक्षा बरे वाटत नाहीत. त्या मुलीने मुलाखतीत काय सांगितलं? एक-दोन गुण कमी पडले असते तर बरं झालं असतं, असं वाटून गेलं. मग फोटो आला नसता आणि हे ऐकावं लागलं नसतं. राज्यात पहिल्या आलेल्या मुलीला दुसरं यायला हवं होतं असं वाटावं, हे आपण सगळ्यांनी मिळून करून दाखवलं. तिचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्या नावाचा व्हायचा तेवढा बाजार झाला.

आणि हे काम फक्त मोबाइलच्या आडून बोलणाऱ्या अनोळखी टवाळांचं आहे असं समजून कुणी हात झटकू नयेत. या मुलींना पहिला दगड घरातूनच बसतो. हळदी-कुंकवाला आलेली काकू, लग्नघरात रुखवतापाशी भेटलेली मामी, ऑफिसातली शेजारच्या टेबलावरची ताई. ‘आयब्रो करत नाहीस का गं?’ ‘ओठावर जरा जास्तच दिसतंय, बघ, राग मानू नकोस.’ ‘आमच्या इथे एक छान पार्लर आहे, नंबर देते.’ सगळं काळजीच्या आवाजात. पुरुष या बाबतीत नजरेने बोलतात आणि बायका तोंडाने, एवढाच फरक. बघण्याच्या कार्यक्रमात मुलाची आत्या मुलीला खिडकीच्या उजेडात शेजारी बसवून घेते, तेव्हा ती गप्पा मारायला बसलेली नसते, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळतं. मुलीच्या आईला तर सगळ्यात आधी कळतं. म्हणूनच ती दोन दिवस आधी मुलीला पार्लरमध्ये नेऊन आणते.

ते नेणं कसं असतं ते मी गेल्या लग्नसराईत जवळून पाहिलं. आमच्या भागातलं पार्लर पहिल्या मजल्यावर आहे, खाली झेरॉक्सचं दुकान. मी माझी पाळी यायची वाट बघत बसले होते. एक बाई आठवीतल्या मुलीला घेऊन आली. परवा मावसबहिणीचं लग्न, आदल्या रात्री संगीत. मुलीला खुर्चीत बसवलं, मान मागे टाकायला लावली. पार्लरवाल्या ताईंनी रिळाचा दोरा ओढला, एक टोक दातात धरलं, बोटांत पीळ घातला आणि म्हणाल्या, ‘एक हात कपाळावर, एक पापणीवर. ताणून धर. सोडायचं नाही हं.’ दोरा भुवईखालून करकरत फिरायला लागला. मुलीच्या डोळ्यांच्या कडेने पाणी कानांत उतरत होतं, पण हात दोन्ही गुंतलेले, पुसणार कशाने? आई फोनवर केटररशी बोलत होती. मध्येच फोन जरा बाजूला धरून म्हणाली, ‘ताई, अप्पर लिप पण करून टाका. आणि साइडचे पण.’ ओठावर दोरा लागला तेव्हा मुलीने झटक्याने मान फिरवली. ताई थांबल्या, पावडर लावली, म्हणाल्या, ‘पहिल्यांदा दुखतंच. मग सवय होते.’ पुन्हा सुरू. शेवटी ब्रशने गालावरचे बारीक केस झाडले, कोरफडीचं जेल चोळलं. वरचा ओठ लालभडक, सुजलेला. आईने आरसा पुढे केला. ‘बघ, आता कशी माणसात आलीस.’

मुलीला काय वाटतं ते त्या अर्ध्या तासात कुणी विचारलं नाही. आईने नाही, ताईंनी नाही. खुर्चीत बसवण्याआधी ‘करायचं का?’ एवढंही नाही. माझी तक्रार आहे ती इथे. दोऱ्याबद्दल नाही, पार्लरबद्दल तर मुळीच नाही. घरातली एक खोली, एक आरसा, एक खुर्ची एवढ्या भांडवलावर बाई स्वतःच्या नावाने धंदा उभा करू शकते असे व्यवसाय आपल्याकडे किती आहेत? पार्लरच्या पैशांवर मुलांच्या फिया भरलेल्या, दारुड्या नवऱ्याला घराबाहेर काढलेल्या बायका मी ओळखते. त्यांच्या कसबाबद्दल मला आदर आहे. माझ्याही भुवया कोरलेल्या आहेत आणि पुढे कोराव्यात की नाही ते मी ठरवीन.

‘मग झालं तर! मुलींनाच आवडतं, त्याच मागे लागतात,’ असं लगेच सांगितलं जातं. आवडत असेल, काहींना खरोखरच आवडतं. पण आवड आहे की सक्ती, हे ओळखायची परीक्षा सोपी आहे. तिने एक महिना केलं नाही तर काय होतं ते बघा. मी एक महिना साडी नेसले नाही तर कुणी आजारी आहेस का विचारत नाही. केसांत गजरा माळला नाही तर साहेब बोलावून घेत नाहीत. पण भुवया वाढल्या, ओठावर लव दिसली, हातावरचे केस बाहीखाली दिसले, की चौकशी सुरू होते. बरं नाही का? घरी काही झालंय का? स्वतःकडे लक्ष दे जरा. जे सोडून दिलं की समोरच्याला खुलासा द्यावा लागतो, त्याला आवड म्हणता येत नाही.

नोकरीत तर खुलाशापुरतंही राहत नाही. दागिन्यांच्या पेढीवर, खासगी रुग्णालयाच्या स्वागतकक्षात, मोठ्या दुकानाच्या काउंटरवर उभ्या राहणाऱ्या मुलींना पहिल्याच आठवड्यात ‘ग्रूमिंग’चा तास असतो. हात वॅक्स केलेले हवेत, भुवया केलेल्या हव्यात, ओठ स्वच्छ हवा. स्वच्छ! ओठावरचा केस म्हणजे काही मळ नाही. साबणाने तोंड धुतलेली, नखं कापलेली, धुतलेले कपडे घातलेली मुलगी स्वच्छ असते, तिच्या ओठावर लव असली तरी. दाढी करून या असं मुलांनाही सांगतात, हे मान्य. पण मुलाचं काम घरच्या न्हाणीघरात पाच मिनिटांत एका पात्यावर होतं. मुलीने वॅक्सिंगला, थ्रेडिंगला, फेशियलला पैसे घालायचे, आणि ते त्याच पगारातून, जो बहुतेक ठिकाणी मुलाइतकाही नसतो. गणवेश कंपनी देते, चेहरा मात्र तिने पदरमोड करून आणायचा.

हिशेब एकदा मांडूनच बघू. दर तीन आठवड्यांनी भुवया आणि ओठ केले तर वर्षाला सतरा वेळा. तेराव्या वर्षी सुरुवात करून साठीपर्यंत चालू ठेवलं तर जवळजवळ आठशे वेळा. जाणं-येणं, वाट बघणं धरून प्रत्येक खेपेला अर्धा तास मोजला तर चारशे तास. हे फक्त दोऱ्याचं. हातापायांचं वॅक्सिंग, ब्लीच, केसांचा रंग यांत धरलेलंच नाही. आणि साठीनंतरही सुटका नाही. पाळी गेल्यावर शरीरातलं संप्रेरकांचं प्रमाण बदलतं आणि हनुवटीवर चार राठ केस येतात. माझी मावशी शेवटच्या आजारपणात रुग्णालयात होती. हाताला सलाइन, नाकात नळी, बोलायला दम पुरत नव्हता. भेटायच्या वेळेआधी तिने मला जवळ बोलावलं. मला वाटलं पाणी हवं असेल. ती म्हणाली, ‘हनुवटी बघ गं. कुणी यायच्या आत काढून टाक.’ माझ्या पर्समध्ये चिमटा होता. मी काढले. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, दोन मुलं वाढवलेली, तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली, आणि त्या अवस्थेतही तिला भीती कुणाची वाटत होती? भाचेसुना काय म्हणतील याची. त्या दिवशी मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही.

यात शरीराचा प्रश्न असतोच, आणि नेमका तोच मागे राहतो. ओठावर, हनुवटीवर, पोटावर केस येणं हे बहुतेकींच्या बाबतीत निव्वळ आनुवंशिक असतं. आईला, आत्याला आहेत, हिलाही आले. डॉक्टर हे केस मोजायला जी पद्धत वापरतात ती फेरीमन आणि गॉलवे या दोघांनी १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये तिथल्या बायका तपासून बसवली. ओठ, हनुवटी, छाती, पोट, पाठ, मांड्या, दंड अशा जागांना गुण द्यायचे आणि बेरीज ठरावीक आकड्याच्या वर गेली तर केस ‘जास्त’. आमच्या कोकणातल्या, देशावरच्या, खानदेशातल्या मुलींच्या अंगावर काळेभोर केस उठून दिसतात, ते त्या मापात बसायला हवेत असा काही नियम निसर्गाने केलेला नाही. वेगवेगळ्या वंशांसाठी मर्यादा वेगळी धरावी असं आता डॉक्टरही मानतात. घरातल्या काकूंपर्यंत ते पोचायचं आहे.

पण काहींच्या बाबतीत ते केस म्हणजे शरीराने दिलेली सूचना असते. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नाही, वजन वाढतंय, मुरमं जात नाहीत, डोक्यावरचे केस विरळ होतायत आणि हनुवटीवर राठ केस येतायत, हे सगळं एकत्र असेल तर पीसीओएसचा, म्हणजे संप्रेरकांच्या बिघाडाच्या एका दुखण्याचा, संशय घ्यायला हवा. मूल होण्याच्या वयातल्या दर दहा बायकांमागे साधारण एकीला हा त्रास असतो, आणि त्यांतल्या सत्तर टक्क्यांपर्यंत बायकांना आपल्याला तो आहे याचा पत्ताच नसतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पुढे मधुमेहापर्यंत जाऊ शकणारं हे दुखणं वेळेवर कळलं तर आटोक्यात ठेवता येतं. आता आपण काय करतो बघा. मुलीच्या हनुवटीवर केस दिसले की तिला पार्लरमध्ये नेतो. पाळी चुकते त्याबद्दल आई म्हणते, ‘लग्न झालं की होईल सुरळीत.’ बाहेरून दिसतं ते दोऱ्याने काढलं जातं, आत आहे ते वाढत राहतं. मुलीच्या अंगाकडे गावभर डोळे लागलेले असतात, पण त्यांतला एकही डोळा तिच्या प्रकृतीकडे बघत नाही. आणि अगदी अचानक, काही महिन्यांत, खूप केस वाढले, आवाज बदलला, तर एक दिवसही न दवडता डॉक्टर गाठायला हवा. त्यामागे एखादी गाठही असू शकते.

गोरेपणाच्या नादात तर आगीतून फुफाट्यात. औषधाच्या दुकानातून ‘चेहऱ्याला लावायची ट्यूब’ म्हणून आणतात त्यांतल्या कित्येकींत स्टेरॉइड असतं. आठ दिवसांत चेहरा उजळतो, शेजारीण विचारते काय लावतेस, तीही आणते. काही महिन्यांनी कातडी पातळ होते, लाल रेषा दिसतात, मुरमं उसळतात, आणि चेहऱ्यावर नवे केस उगवतात. ट्यूब बंद केली की आग होते, म्हणून पुन्हा लावायची. त्वचारोगतज्ज्ञांनी वर्षानुवर्षं आरडाओरडा केल्यावर २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असं ठरवलं. आता तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात जा आणि चिठ्ठी न देता मागून बघा.

जीव धोक्यात घालून केस काढण्याची ही रीत फक्त आपली नाही. अमेरिकेत १९२० च्या दशकात ‘ट्रायको’ नावाची यंत्रं पार्लरांत बसवली होती. त्या खोक्यासमोर गाल टेकवून बसायचं, क्ष-किरण सोडायचे, केस गळायचे. दुखत नाही म्हणून रांगा लागल्या. काही वर्षांनी त्या बायकांची कातडी सुकून फाटायला लागली, व्रण उठले, कित्येकींना कर्करोग झाला. त्यानंतर ‘कोरेम्लू’ नावाचं मलम आलं. त्यात थॅलियम होतं, उंदीर मारायच्या औषधात घालत ते. बायकांचे पाय लुळे पडले, दृष्टी गेली. असल्या प्रकारांमुळे १९३८ मध्ये तिथे सौंदर्यप्रसाधनांवर कायद्याचा लगाम आला. त्या बायका मूर्ख नव्हत्या. ओठावरच्या केसांसकट लोकांसमोर जाणं त्यांना क्ष-किरणांपेक्षा जास्त धोक्याचं वाटत होतं, आणि त्यांचा तो अंदाज खोटाही नव्हता.

आज लेझर आहे, आणि नीट शिकलेल्या माणसाच्या हातात ते सुरक्षितही आहे. पण सहा-आठ बैठकांचं ‘कायमचं’ पॅकेज म्हणून विकतात तेव्हा एक गोष्ट सांगत नाहीत. केस कमी होतात, कायमचे नाहीसे होतील याची हमी नाही, आणि मूळ संप्रेरकांत असेल तर ते परत येतात. मुलींच्या आया बारावीनंतरच्या सुट्टीत हे हप्त्याने घेतात. क्लासची फी, वसतिगृहाची फी आणि लेझरचा हप्ता.

आणि बाईच्या चेहऱ्यावरचा हा हक्क केसांपुरताच नाही, टिकलीचंही तेच. नोव्हेंबर २०२२ मध्ये मंत्रालयात एका महिला पत्रकाराने हिंदुत्ववादी नेते संभाजी भिडे यांना प्रश्न विचारला तेव्हा, आधी टिकली लाव, मग बोलतो, असं त्यांनी तिला सुनावलं. राज्य महिला आयोगाने नोटीस काढली. पुढच्या मार्चमध्ये, नेमक्या महिला दिनी, कर्नाटकात कोलारच्या तेव्हाच्या खासदारांनी कपडे विकणाऱ्या एका बाईला कपाळ मोकळं का, नवरा जिवंत आहे ना, असं चारचौघांत विचारलं. ती तिथे माल विकायला बसली होती. बाईचं कपाळ, भुवई, ओठ, हनुवटी, हात, पाय यांपैकी कुठली जागा तिची स्वतःची आहे असं या लोकांना वाटतं, ते त्यांनी एकदा सांगावं.

महाराष्ट्राला तरी हा प्रश्न नवा नाही. याच मातीत नवरा मेला की दहा-बारा वर्षांच्या पोरींना न्हाव्यापुढे बसवून त्यांचं डोकं भादरत होते आणि लाल आलवणात गुंडाळून माजघराच्या कोपऱ्यात ढकलत होते. पार्लरातली सूज आणि केशवपन एका तागडीत घालण्याइतकी मी अविचारी नाही. त्या पोरींचं आयुष्यच काढून घेतलं जात होतं. पण बाईच्या केसांचा निकाल बाकीच्यांनी लावायचा, ही जी आपली खोड आहे ती तेव्हाचीच आहे. आणि ती मोडायला पुढे कोण आलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये मुंबईतल्या नाभिकांनी सभा घेतली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं ठरवलं. शास्त्रार्थ करणारे पंडित वाद घालत राहिले, सुधारक लेख लिहीत राहिले. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनी तो खाली ठेवला. त्यात त्यांचं उत्पन्न होतं, तेही सोडलं.

आज दोरा ज्यांच्या हातात आहे त्या बायकांना मला हेच सांगायचं आहे. मोठ्या बाया स्वतःच्या पायांनी येतात, त्यांचं त्या बघतील. पण अकरा-बारा-तेरा वर्षांची पोर आईच्या हाताला धरून येते तेव्हा आईचं ऐकून लगेच दोरा दातात धरू नका. आधी पोरीला विचारा, आणि आईला बाजूला बसवून विचारा. पाळी नियमित येते का तेही विचारा. डॉक्टरांपेक्षा तुमच्या खुर्चीत या मुली आधी बसतात, तुम्हाला ते त्यांच्याआधी दिसतं. आणि शाळांमधल्या बाईंनी ‘मिशीवाली’ हा शब्द ऐकला की तास थांबवावा, जसा तो जातीवरून शिवी आली की थांबवायला हवा.

साताऱ्यातली माझी एक मैत्रीण घरातूनच पार्लर चालवते, बावीस वर्षं झाली. गेल्या वर्षापासून सोळाच्या आतल्या मुलीने स्वतः हो म्हटल्याशिवाय ती तिला हात लावत नाही. दिवाळीच्या तोंडावर, ऐन गर्दीत, एक आई सातवीतल्या मुलीला घेऊन आली. मैत्रिणीने मुलीला विचारलं. मुलगी काही बोलली नाही, नुसती आईकडे बघत राहिली. मैत्रिणीने आईला सांगितलं, ‘ती म्हणेल तेव्हा घेऊन या, पैसे घेणार नाही.’ आई भडकली. माझी मुलगी, मी ठरवीन, तुम्ही कोण, असं बरंच बोलली, चपला घातल्या आणि निघाली. त्याच गल्लीत आणखी दोन पार्लरं आहेत, त्यांतल्या एकीकडे तिचं काम झालंही असेल. मैत्रीण म्हणते, दोन गिऱ्हाइकं कायमची गेली, आणि नियम तोच राहणार आहे.